कोयत्यामागची दोन माणसे: संशोधनाला निघालेल्या लेकीस पत्र

बीड,
१० ऑक्टोबर

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा सावकाश वाचून काढला. ऊसतोड मजुरांच्या कुटुंबांचे उत्पन्न आणि राहणीमान हा विषय तू घेतलास, याचे मला समाधान आहे. मात्र ‘कुटुंब हे अभ्यासाचे एकक मानले आहे’ या तुझ्या वाक्यापाशी मी अडलो, कारण असे का मानले ते तू कुठेच सांगितलेले नाहीस. ज्याची नोकरी पाहणीचे तक्ते भरण्यात गेली, त्याला यावर बोलल्यावाचून राहवत नाही.

कौटुंबिक उपभोग खर्चाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला आणि ग्रामीण विषमतेचा गिनी गुणांक (यात शून्य म्हणजे पूर्ण समानता) ०.२३७ पर्यंत उतरला. हे आकडे मी मोडीत काढत नाही; त्यांच्यावाचून देशाचे चित्रच उभे राहणार नाही. पण दरडोई खर्च काढताना घराचा एकूण खर्च घरातल्या माणसांच्या संख्येने भागला जातो, म्हणजे त्या घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच येते असे हिशेबाआधीच धरून चाललेले असते. एका घरातली विषमता त्या गुणांकात कमी-जास्त होऊच शकत नाही, कारण ती तिथे मोजलेलीच नाही.

ऊसतोडीत हे अधिकच खरे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, दर ठरतो तो टनावर, आणि पैसे बहुतेक वेळा हातात घेतो तो पुरुष. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा कोयत्याची कमाई वाढली असे तू बिनधास्त लिहू शकतेस. बाईची किती वाढली हे मात्र लिहिता येणार नाही, कारण तिची वेगळी मजुरी कोणत्याच वहीत नसते. पहाटे उठून भाकरी थापणे, फडात मोळ्या बांधणे, डोकी सेंटर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून न्यायची पद्धत, असेल तर त्या गाडीपर्यंत वाहणे, परतल्यावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पुन्हा पाणी आणि चूल, हे सारे त्या एका टनाच्या दरात जिरून जाते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून आलेले चार पैसे काही जणी स्वतःकडे ठेवतात असे ऐकतो. तुझ्या प्रश्नावलीत वाढ्यांचा रकानाच नाही.

याच महाराष्ट्रात याच्या अगदी उलट बांधणीची एक व्यवस्था होती. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. त्यात कामाचा हक्क ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता आणि हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र लागे. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने १०० दिवस ठरवले, ते मात्र कुटुंबामागे. माझ्या मते ही माघार होती, आणि अर्थतज्ज्ञांनी तिची जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही. नाव हजेरीवर लागले म्हणजे पैसा तिच्याच हाती राहिला असे मी म्हणत नाही. निदान तो किती होता एवढे तरी कळत असे.

आमच्या तक्त्यांत ९२ आणि ९३ हे संकेतांक असत. केवळ घरकाम करणारी ती ९२. घरकामाबरोबर घरच्यासाठी सरपण-चारा गोळा करणारी, शिवणटिपण करणारी ती ९३. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. दारात बसलेला पुरुष ‘ती घरीच असते’ म्हणाला, की एका ओळीत निकाल लागे. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला, तरी त्या वर्षीही काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले, पुरुषाची ९७. तुझ्या आराखड्यात वेळेचा शब्दही नाही.

आणखी एक धोका मला जास्त गंभीर वाटतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीपुढे आपल्या जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. खाडा पडला की दंड, म्हणून पाळीचा त्रासच नको, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. आता हिशेब बघ. शस्त्रक्रियेसाठी घर कर्ज काढते, तो औषधोपचाराचा खर्च उपभोग खर्चात मिळवला जातो, आणि त्या वर्षी ते कुटुंब तुझ्या तक्त्यात आदल्या वर्षापेक्षा सुखवस्तू दिसते. आरोग्यखर्च वगळून राहणीमान वेगळे काढलेस तरच ही गफलत टळेल.

तेव्हा एकक बदल असे मी सांगत नाही. कुटुंब ठेव, पण त्याच्या आत दोन तक्ते कर. बाईची मुलाखत बाईनेच, नवऱ्याच्या गैरहजेरीत घ्यावी. उचल कोणी मागितली, कोणी मोजून घेतली, हंगामाअखेर फिटली की अंगावर बाकी निघाली, हे दोघांना वेगवेगळे विचार आणि उत्तरे जुळली नाहीत तर ती जुळवत बसू नकोस. तो फरक हीच तुझी माहिती आहे. गावात एकदा आणि फडावर एकदा अशी दोनदा विचारपूस करावी लागेल, म्हणून नमुना लहान झाला तरी चालेल.

गाड्या या महिन्याअखेरीपासून निघू लागतील. सुधारलेली प्रश्नावली त्याआधी पाठव, म्हणजे गेवराईकडच्या ओळखीच्या मुकादमाला त्याची वही दाखवायला मी विचारून ठेवतो. आईचा आशीर्वाद.

तुझे,
बाबा