चुन्याच्या भिंतीचा हिशेब

वाई,
१४ जून

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. 'उलट फिरवता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक' हे वाक्य सातवीच्या फळ्यावर लिहू का, असं विचारलंयस. लिहू नकोस. परीक्षेपुरतं ते निभावून जातं, पण नंतर मुलांच्या डोक्यातून निघता निघत नाही. ज्वारी दळली की पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तरी दळणं हा भौतिकच बदल. पीठ ज्वारीचंच असतं. आणि उलट बाजूचं उदाहरण सध्या रोज माझ्या हाताखाली आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

इथल्या एका जुन्या वाड्याला चुन्याचा गिलावा करतोय. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घातलीस तर कळीचा चुना ५६ किलोच हाती येतो. खडा दिसायला फारसा बदलत नाही, उचलला की हलका लागतो. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने ही घट तराजूने पकडली आणि १७५६ मध्ये प्रसिद्ध केली. दगडात हवा अडकलेली असते, हे नुसत्या वजनावरून ओळखणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मग कळी विरवायची. पाणी ओतलं की खडे तडकतात, फुगतात, त्यांची भुकटी होते आणि जाळ नसताना पाणी उकळतं. (हे वर्गात करू नकोस, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.) ५६ किलो कळी १८ किलो पाणी घेते आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. हे पाणी ओल म्हणून राहत नाही, पदार्थाचाच भाग होतं. उन्हात कितीही वाळव, ते निघत नाही.

खरी गंमत भिंतीवर आहे. गिलाव्यातलं जास्तीचं पाणी काही दिवसांत उडून जातं. तेवढा भाग भौतिक. गवंडी म्हणतात, वाळला. पण चुना पक्का व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरावा लागतो, आणि ते काम महिनोन् महिने, जाड थरात वर्षानुवर्षं चालतं. त्याला थोडी ओलही लागते, म्हणून आम्ही भिंतीवर हलकं पाणी शिंपडतो. परवा गिलाव्याचा एक तुकडा फोडून ताज्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीन (विरलेल्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन) टाकलं. आतला भाग गडद गुलाबी झाला, बाहेरचा पातळ थर कोराच राहिला. गुलाबी तिथे अजून विरलेला चुना, कोरं तिथे पुन्हा चुनखडी. ७४ किलो चुना ४४ किलो वायू घेतो, १८ किलो पाणी सोडतो, आणि १०० किलो पुरे होतात. भट्टीत घातलं तेवढंच! चक्र पूर्ण उलट फिरलं, आणि त्यातला चुन्याचा प्रत्येक बदल रासायनिक होता.

तेव्हा मुलांना एवढंच विचारायला शिकव: पदार्थ तोच राहिला, की नवा झाला? मीठ पाण्यात विरघळण्यासारख्या ठिकाणी रेघ पुसट होते, हेही मोकळेपणाने सांग. सातवीतल्या मुलांना ते झेपतं.

सिमेंटचंही सांग. ते 'वाळतं' असं सगळे म्हणतात, पण त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते. म्हणून तर स्लॅबवर दिवसेंदिवस पाणी मारतात.

वर्गात करण्यासारखा प्रयोग हवा असेल तर पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेव आणि वरची निवळी गाळून घे. नळीने तिच्यात फुंकलं की ती दुधाळ होते. तुझ्या हातातल्या भांड्यात तेव्हा माझ्या भिंतीतलीच क्रिया चाललेली असते. बराच वेळ फुंकत राहिलास तर पुन्हा स्वच्छ होते, आणि ते पाणी उकळलंस तर परत गढूळ. फुंकायचं, ओढायचं नाही, हे मुलांना आधी बजाव. आणि बाटलीचं बूच घट्ट लाव, नाहीतर सकाळपर्यंत निवळीवर पांढरा पापुद्रा धरेल.

वहिनींना नमस्कार. सुट्टीत ये, घाण्यात चुना मळताना दाखवतो.

तुझा,
विनय