रिपोर्ट खरा, गाय तशीच

प्रिय मंगे,

इतके महिने पत्र नाही म्हणून मला शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. पाठ दुखते, पण ती काय, कॉलेजपासूनच दुखते. आई बरी आहे आणि अजूनही माझ्यापेक्षा तुझंच कौतुक जास्त करते.

लिहायचं कारण एक गाय आहे. घरात सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, सुध्याला सांगितलं तर तो त्यावर कविता करेल. राहिलीस तू.

जुनाट स्तनदाह, मागचा उजवा सड, जिवाणू स्टॅफ ऑरियस. सॅम्पल आमच्याकडे आलं, मी सेन्सिटिव्हिटी लावली, म्हणजे कुठलं औषध त्याला मारतं ते पाहिलं, तर औषधाच्या डिस्कभोवती सुरेख स्वच्छ वर्तुळं, जिवाणूचा मागमूस नाही. रिपोर्ट गेला. तिथल्या तरुण डॉक्टरानं त्याबरहुकूम पूर्ण कोर्स केला, गुठळ्या गेल्या, दूध निवळलं. आणि काही आठवड्यांनी तोच सड, तोच जिवाणू, पुन्हा तशीच वर्तुळं. त्याचा फोन आला, "मॅडम, तुमच्या रिपोर्टप्रमाणेच दिलं होतं हो." आवाजात तक्रार नव्हती. असती तर भांडता तरी आलं असतं.

आता गंमत बघ. रिपोर्टात काही चुकलेलं नाही. प्लेटवरचे जिवाणू सुटे, खाऊनपिऊन टुणटुणीत, भराभर वाढणारे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणू आपली भिंत बांधत असतो तेव्हाच घाव घालतात. ज्यानं बांधकामच थांबवलंय त्याच्यावर घाव घालायचा कुठे? कासेत आत जे गठ्ठे बसतात, त्यांच्या मधल्या जिवाणूंची हीच गत असते. कडेच्यांना अन्न आणि प्राणवायू, आतल्यांना उरलंसुरलं, म्हणून ते सुस्त. भोवती त्यांनी स्वतःच केलेला चिकटा: साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, मेलेल्या सोबत्यांचा डीएनए. अशा गठ्ठ्यापुढे पांढऱ्या पेशीही हात टेकतात. हाच तो बायोफिल्म, जिवाणूंचा चिकट थर. थरात औषध शिरतच नाही असं आपण पाठ केलं होतं, ते अर्धंच खरं. पुष्कळ औषधं शिरतात. पण आत सगळे झोपलेले. अशा थरातल्या जिवाणूंना मारायला सुट्यांपेक्षा शंभरपट, कधी हजारपट औषध लागतं, आणि तेवढं कुठल्याच गायीच्या कासेत पोचवता येत नाही.

डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी यातला महत्त्वाचा भाग 1944 सालीच पाहिला होता. स्टॅफच्या नळीत पेनिसिलिन घातलं तरी मूठभर उरायचे, आणि त्या उरलेल्यांची पिल्लावळ पुन्हा पेनिसिलिननं पहिल्यासारखीच मरायची. म्हणजे हा प्रतिरोध नव्हेच. दडी मारणं आहे. म्हणून तर त्या गायीचा दुसरा रिपोर्ट पहिल्याची नक्कल निघाला. कोर्स संपला की दडलेले उठतात, आणि मला प्लेटवर दिसतात ते हे उठलेले.

राहवेना, म्हणून तोच जिवाणू थर धरतो का बघायला 96 खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये ग्लुकोजवाल्या ब्रॉथवर, म्हणजे त्याच्या खाद्यद्रवावर, रात्रभर ठेवला. सकाळी ब्रॉथ ओतून टाकला, खळगे धुतले, क्रिस्टल व्हायोलेट हा थराला चिकटणारा जांभळा रंग घातला, परत धुतलं. नुसत्या ब्रॉथचे खळगे लख्ख निघाले. आपल्या पाहुण्याच्या खळग्यांत तळाला गडद जांभळा थर, आणि द्रव जिथवर होता तिथे भिंतीला एक कडं. नळाखाली धरलं तरी हलेना. माझी बोटंही जांभळी झाली. तुझा तो एप्रन आठवला, ज्याचा आळ तू अजून माझ्यावर घेतेस. बाटली सुध्यानं सांडली होती, मंगे. शेवटचं सांगते.

आणि प्लॅस्टिकवर धरला म्हणून कासेतही थर धरलाच असं होत नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. "दोन वेळा धार निघते तिथे कसला आलाय थर?" तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री केवढ्यानं ओरडली होतीस! मेसपर्यंत ऐकू गेलं होतं. आज तुला अर्धे मार्क देते. कासेत सलग थर क्वचितच दिसतो. दिसतात ते लहान लहान पुंजके, ऊतीत रुतलेले, आणि काही जिवाणू तर चक्क पेशींच्या आत शिरलेले. पण धारेनं ते निघून जातात हे मात्र तुझं साफ चूक.

त्यात आणखी एक भानगड. 2001 साली स्पेनमधल्या लोकांनी गायीच्या स्तनदाहातल्या एका स्टॅफमध्ये बॅप नावाचं अगडबंब प्रथिन शोधलं, 2276 अमिनो आम्लांचं. ते असलं की जिवाणू पृष्ठभागाला आणि एकमेकांना घट्ट धरतात. थोड्याच वाणांत सापडतं. पुढे त्यांनाच असं दिसलं की कॅल्शियम भरपूर असलं की बॅपची पकड सुटते. आणि दुधात काय असतं? हे वाचताना मला तू दात काढताना दिसलीस. पण हुरळू नकोस. आयसीए नावाच्या जनुकांचा, साखरेच्या साखळ्यांतून थर बांधायचा रस्ता वेगळा आहे, तो बॅपवाचूनही चालतो. शिवाय बॅपवाले वाण कासेत जास्त तग धरतात, हेही त्याच मंडळींनी 2004 साली दाखवलं. मग कॅल्शियमच्या डोहात बसून ते हे कसं जमवतात? मला तर हे कोडं भारी आवडलंय.

सगळेच काही असं घर करत नाहीत म्हणा. पाश्चुरेला मल्टोसिडा हा दुसरा जिवाणू घे, घटसर्पवाला नव्हे, ए गटातला. जाड कवच असलं की त्याचा थर धड जमत नाही, कवच गेलं की जमतो.

असो. झोप उडालीय ती रिपोर्टातल्या शेऱ्याच्या रकान्यामुळे. 'औषध चालेल' एवढंच छापलं तर सडात पुन्हा औषधाच्या ट्यूबा जातील. त्यातून मालकानं दूध निवळल्यावर मध्येच सोडलं तर आणखी वाईट, कारण बीटा-लॅक्टम गटातली, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातली, काही औषधं मारायला अपुरी पडतील इतकीच मिळाली तर काही स्टॅफ थर उलट जाड करतात. 'उपयोग नाही' लिहिलं तर गाय विकली जाईल, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात हा पाहुणाही जाईल. खरं उत्तर मधलं आहे. वय कमी, एकच सड, दुधातल्या पेशी फार वाढलेल्या नाहीत, दुखणं ताजं, तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ही गाय तरुण नाही, सड एकच, पण हाताला गाठ लागते म्हणे. मी असते तर तिची धार सगळ्यात शेवटी काढायला सांगितली असती, म्हणजे धार काढायच्या यंत्राच्या लायनरवरून जिवाणू दुसरीला जायला नको. दूध आटवताना सडात लांब टिकणारं औषध सोडलं असतं, आणि तरी उलटलं तर तो सड कायमचा बंद. आमचे साहेब म्हणतात, आपण लॅब आहोत, सल्ला देऊ नये. बरोबर आहे त्यांचं. पण रकाना 'शेरा' म्हणूनच छापलाय ना?

शेवटी मी लिहिलंय: "ही तपासणी सुट्या जिवाणूंवर केली आहे, जुनाट स्तनदाहात औषध लागू पडेलच असे नाही." साहेबांची सही अजून व्हायचीय. गोठ्यात उभं राहून हे वाचलंस तर तुला काय कळेल, शिवी न घालता सांग. की मालकाला वाटेल, लॅबनं हात झटकले?

तुझ्या बदलीचं काय झालं? बाळ्याचा निकाल लागला का? गुडघ्याकडे बघ जरा, गायींच्या मागे धावायचं वय राहिलं नाही आपलं. माईंना नमस्कार.

आणि तुझ्याकडे अशा परत परत उलटणाऱ्या गायी असतीलच. त्यांचं दूध पाठव, औषध सोडायच्या आधीचं, सड पुसून, पहिल्या धारा टाकून, बर्फात. स्टॅफ दुधात रोज सारखा पडत नाही, म्हणून एकदा निगेटिव्ह आलं तरी पुन्हा पाठव. बाटलीवर कुठला सड ते नीट लिही, तुझं अक्षर मलाच लागतं, इथे दुसऱ्या कुणाला नाही.

तुझी,
रंजी