बाटलीवरचं साल बघून वाईन पारखू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाईनवर लेख आला, आनंद वाटला. पण ‘वाईन जितकी जुनी तितकी चांगली’ हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. माझा जन्म शाहूपुरीत गूळ पारखण्यात गेला. गुळाचा रवा म्हणजे ढेप फोडायची, कण बघायचा, चिमूट जिभेवर ठेवायची, मग बोली. वाईनलाही हाच न्याय लावावा, असं मला मनापासून वाटतं.

माझी मुलगी इटलीत तोरिनोला नोकरी करते. तिच्याकडे गेलो तेव्हा आल्बाजवळच्या बारोलो गावीही जाऊन आलो. तिथली बारोलो वाईन नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षाची. तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. बाटलीवर ‘रिझर्वा’, म्हणजे जास्त मुरवलेली, असं लिहायचं तर ६२ महिने. कोवळी असताना ती कच्च्या पेरूसारखी हिरड्यांना धरते. हा तुरटपणा मऊ पडावा म्हणून थांबायचं असतं.

तिथून आणलेली २०१३ सालची बाटली दिवाळीत उघडली. साका तळाशी बसावा म्हणून दोन दिवस उभी ठेवली होती. पेला पांढऱ्या ताटलीवर तिरका धरला. मधे डाळिंबी आणि कडेला विटेचा, जवळजवळ नारिंगी रंग. जुन्या बारोलोचा हा रंग दोष नव्हे. आधी वास डांबराचा, मागून वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा. अर्ध्या तासाने गुलाब पुढे आला. घोट गिळल्यावर चव किती वेळ तोंडात राहते हे मी घड्याळ लावून बघतो. मिनिटभर सहज राहिली.

त्याच सालची बारोलो मी आपल्या शहरातल्या एका दुकानातूनही घेतली होती, भरपूर पैसे मोजून. पश्चिमेच्या काचेच्या कपाटात उभी होती. टोपण काढलं तर बूच वर सरकलेलं, भोवती चिकट ओघळ. रंग मधोमध तपकिरी. वास करपलेल्या काकवीचा! गुळव्याने काहील उतरायला उशीर केला की गुऱ्हाळात सुटतो तोच. उन्हाने आतली वाईन फुगते, बूच ढकलते, मग हवा शिरते. दुकानदार म्हणाला, ‘जुनी आहे, अशीच लागते.’ नाही हो, अशी लागत नाही. (ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, तोही वयाचा नव्हे.)

एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ३७-३८ वर जातो. ही वाईन १२ ते १५ अंशांत, अंधारात, आडवी ठेवायची असते. पावसाळ्यात गूळ पाझरू नये म्हणून आपण तो शीतगृहात टाकतोच ना? ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा आपल्या लेखातला सल्लाही युरोपातल्या थंड खोलीचा. इथे ती १६-१८ अंशांपर्यंत गार करूनच ओतावी.

पुढच्या लेखात साठवणीबद्दल सविस्तर लिहावं, ही विनंती. आणि विक्रेत्यांनी महागड्या बाटल्या निदान काचेतून काढून आत आडव्या ठेवाव्यात. दोन्ही बुचं मी जपून ठेवली आहेत. कुणाला शेजारी शेजारी ठेवून बघायची असतील तर दाखवीन.

आपला,
एक गूळ व्यापारी, शाहूपुरी, कोल्हापूर