चित्रकाराचं दुःख छापलंत, चित्र कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत एका तरुण चित्रकर्तीवर पानभर लेख आला आहे. वडिलांचं दीर्घ आजारपण, कर्ज, पुन्हा पुन्हा बदलावं लागलेलं घर, मध्येच सुटलेली शाळा आणि या सगळ्यातून उभं राहिलेलं तिचं पहिलं एकल प्रदर्शन. लेख कळकळीने लिहिला आहे, यात शंका नाही. पण वाचून झाल्यावर तिच्या हलाखीची मला बारीकसारीक माहिती झाली होती आणि तिच्या चित्रांची जवळजवळ काहीच नाही. तैलरंग की कोळसा, कागद की कॅनव्हास, आकार केवढा, यावर एक ओळ नाही. तिचा फोटो चार कॉलमी आणि चित्र मात्र टपाल तिकिटाएवढं, तेही एकच.

तेवढ्याशा चित्रातही पाहण्यासारखं बरंच आहे. मी भिंग घेऊन पाहिलं. एका खोलीत मोठी माणसं उभी आहेत आणि सगळी छातीपाशी कापलेली. डोकी चौकटीच्या बाहेर. टेबल आहे, पण त्यावर काय ठेवलंय ते दिसत नाही, कारण आपल्याला टेबलाची खालची बाजू दिसते आहे. या एका निर्णयाने बघणाऱ्याचं वय पाच-सहा वर्षांचं होऊन जातं. चेहरे नाहीत, हात तेवढे आहेत. एका हातात घडी घातलेला कागद, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेला. चित्रात मूल कुठेच नाही, रडणारं तर नाहीच. ते मूल म्हणजे आपण. आणि लेखात या चित्राबद्दल काय आहे, तर ‘बालपणीच्या वेदना कॅनव्हासवर उतरल्या आहेत’. अहो, उतरल्या कशा? चौकट कुठे कापायची, नजर किती खाली आणायची, हे त्या मुलीने ठरवलं आहे. बहुधा कितीतरी कागद फाडून ठरवलं असेल. तेच विचारायला हवं होतं.

मी अनेक वर्षं चित्रकला शिकवली, म्हणून हे जास्त बोचतं. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकचं उदाहरण घ्या. तो पाच वर्षांचा असताना, १८६८मध्ये, आई क्षयाने गेली; १८७७मध्ये पंधरा वर्षांची मोठी बहीण सोफीही त्याच रोगाने गेली. ‘आजारी मूल’ हे त्याचं चित्र या मृत्यूंतून आलं, इतकं सगळेच सांगतात. त्यापुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. त्या चित्रासाठी त्याने एका दुसऱ्याच मुलीला समोर बसवलं आणि शेजारी मान खाली घातलेल्या बाईसाठी आपल्या मावशीला. रंग लावला, खरवडला, पुन्हा लावला. ते ओरखडे आजही चित्रावर दिसतात. १८८६मध्ये चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा ते अर्धवट आणि ओबडधोबड म्हणून टीकाकारांनी त्याची टर उडवली. पुढच्या चाळीस वर्षांत त्याने तोच विषय आणखी पाच वेळा रंगवला, शिवाय मुद्राचित्रंही केली. दुःख त्याला एकोणिसाव्या शतकात लहानपणीच मिळालं होतं. ते चित्रात कसं आणायचं, हे तो विसाव्या शतकातही शोधत होता.

हालअपेष्टांच्या गोष्टीची वाचकांना इतकी ओढ असते की ती प्रसंगी पदरची घातली जाते. अमेरिकन चित्रकार ज्याँ-मिशेल बास्कियाला पत्रकारांनी रस्त्यावरून उगवलेला, न शिकलेला मुलगा म्हणून रंगवलं. त्याचे वडील लेखापाल होते आणि आई त्याला लहानपणापासून संग्रहालयांत घेऊन जात असे. त्याच्या वाट्याला दुखणं आलं नाही असं नाही. सातव्या वर्षी मोटारीने उडवलं, प्लीहा काढावी लागली, आणि इस्पितळात वाचायला आईने त्याला शरीररचनेचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. त्याच्या चित्रांतल्या कवट्या, हाडं, अवयव आणि त्यांच्यावर लिहिलेली नावं या पुस्तकाशी थेट जोडता येतात. म्हणजे सांगण्यासारखं अपघाताइतकंच ते पुस्तकही होतं.

तेरेझीनच्या नाझी छळछावणीत मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांचा तर मला फार आदर वाटतो. त्या स्वतः जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या. उपासमार आणि पुढच्या छावणीकडे जाणाऱ्या गाड्यांची टांगती भीती असताना त्यांनी मुलांना लय, पोत, रचना, कागदाचं चिकटचित्र शिकवलं, जुन्या उस्तादांच्या चित्रांचा अभ्यास करायला लावला. त्या मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं उरली, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत फुलं, घरं, फुलपाखरंही आहेत. डिकर-ब्रँडाइस १९४४मध्ये आउशवित्झला मारल्या गेल्या, त्यांचे बहुतेक विद्यार्थीही वाचले नाहीत. एवढ्या भयानक परिस्थितीतसुद्धा या बाईंनी मुलांना ‘दुःख काढा’ असं सांगितलं नाही. त्यांनी चित्र काढायला शिकवलं.

आज मात्र तरुण चित्रकारांकडे नेमकी उलटी मागणी होते. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की प्रदर्शनाचं निवेदन, आधी तुमचा संघर्ष सांगा. माझे जुने विद्यार्थी असे मसुदे वाचायला पाठवतात. त्यांतले काही जण आता जखम नेमक्या किती शब्दांत मांडायची यात तरबेज झाले आहेत, आणि मला ते मुळीच बरं वाटत नाही. एकदा ‘सोसलेली कलावंत’ असा शिक्का बसला की पुढच्या वर्षी तिने नुसती निळ्या रंगाची मोठी, शांत चित्रं केली तर ती कोण बघणार? शिल्पकार लुईझ बूर्ज्वा यांनी वडिलांच्या वागण्यामुळे घरात सोसलेलं जाहीरपणे मांडलं ते १९८२मध्ये, सत्तरीत. त्याआधीची कित्येक दशकं त्या शिल्पं घडवत होत्या आणि ती शिल्पं या कथेवाचून उभी होती. पंचविशीच्या मुलीला इतकी घाई कशासाठी?

अशा लेखांमुळे आणखी एक घडतं. चित्र फसलंय, असं म्हणायची सोयच राहत नाही. ज्याने इतकं सोसलं त्याच्या रेषेला नावं कोण ठेवणार! पण ज्या चित्राला वाईट म्हणता येत नाही, त्याला चांगलं म्हणण्यातही काही राहत नाही. या मुलीच्या चित्रात मला एक गोष्ट खटकली: मागच्या भिंतीचा गडद रंग खुर्चीवरच्या हातापर्यंत येऊन तो हात गिळतो. मूळ चित्रात तसं नसेल, छपाईचाही दोष असेल. पण तिच्याशी बोलण्यासारखं हे आहे.

आणि तिची आई? कर्जाचा तपशील, नातेवाइकांशी झालेले वाद, सगळं छापून आलं आहे. मुलीने सांगितलं हे मान्य, पण आई अजून त्याच माणसांत राहते. चित्रात मुलीने चेहरे चौकटीबाहेर ठेवले होते. लेखाने ते नावानिशी आत आणले.

तेव्हा विनंती एवढीच की, चित्रकारावर लिहिताना चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष छापावं, चित्राला फोटोइतकी तरी जागा द्यावी आणि जमल्यास चित्रं बघायची सवय असलेल्या माणसाला पाठवावं. शिवाय हे प्रदर्शन कुठे भरलं आहे आणि कधीपर्यंत खुलं आहे, हेही पानभर लेखात कुठे सापडलं नाही. ते उद्याच्या अंकात कृपया छापावं. मला ते चित्र मूळ आकारात बघायचं आहे.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका