२१ दिवसांत तंबाखू सुटत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत परत एकदा '२१ दिवसांत व्यसन सोडा' असा लेख आला तो वाचून लिहितेय, कारण याच २१ दिवसांनी आमच्या घरात दोनदा घात केलाय. माझे मिस्टर ३० वर्षं तंबाखू खायचे. जेवून हात धुतला की पायरीवर बसायचं, डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापा मारायच्या आणि बार भरायचा, हे सगळं माझ्याशी बोलता बोलता व्हायचं, त्यांचं त्यांना कळायचंसुद्धा नाही. दोन्ही वेळा कॅलेंडरवर फुल्या मारत २१ दिवस काढले, बाविसाव्या दिवशी जेवल्यावर हात खिशाकडे गेलाच, मग म्हणाले माझ्यातच दम नाही, आणि पुन्हा सुरू.

हे २१ आलं कुठून? अमेरिकेतल्या मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं, आकडा तेवढा राहिला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ९६ जणांवर अभ्यास केला, २००९ मध्ये तो छापून आला, त्यात जेवताना पाणी पिणं, फळ खाणं असली साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, कुणाला १८ तर कुणाला पार २५४. एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही दिसलं. आणि ही नवी सवय लावायची गोष्ट, तंबाखूत तर वर निकोटिन आहे.

तिसऱ्या वेळी आम्ही दिवस मोजलेच नाहीत. पायरीवर बसायचंच बंद केलं, ताटावरून उठले की सरळ गच्चीवर, खिशात चंचीच्या जागी बडीशेपेची डबी. पुतण्याच्या लग्नात मांडवामागे एक बार भरलाच, मला कळलं पण मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी डबी परत खिशात. आता दीड वर्ष झालं.

पुढच्या वेळी तो २१ चा आकडा काढा आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर छापा, फोन फुकट लागतो. पुडीवरही असतो तो, पण पुडी फाडणाऱ्याचं लक्ष तिकडे जात नाही, घरातल्या बाकीच्यांना पेपरात तरी दिसेल.

– एक वाचक, बार्शी