कॉम्प्युटरवर बोअरवर (बेअरिंग बसतं त्या गोल भोकावर) क्लिक केलं आणि अख्खा बोअर निवडला गेला!

ताई, स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई.

आमच्या भोसरीच्या शॉपमधल्या जुन्या गिअरबॉक्सचं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं. कव्हर स्कॅन करून एसटीएल फाइल, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीतला त्याचा आकार, मिळाली. आधी ज्यांना काम दिलं त्यांनी ती 'सॉलिड' (भरीव मॉडेल) करून स्टेप या कॅड फाइलमध्ये दिली आणि बिल मात्र झणझणीत लावलं. आम्हाला ६२०५ बेअरिंगच्या जागी ६२०६ बसवायचं होतं, म्हणजे बोअर ५२ मिलिमीटरचा ६२. बोअरवर क्लिक केलं की हाती यायची एक बारीक पट्टी! सगळं कव्हर त्रिकोणांचं. विचारलं तर म्हणे, "सॉलिड मागितलं, सॉलिड दिलं." पोतं बदलून कोळशाचे तांदूळ होतात होय?

मग काम तुमच्याकडे आणलं. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात. व्यास, अक्ष काही नाही, मिलिमीटर की इंच हेसुद्धा नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही मेश (ती त्रिकोणांची जाळी) फक्त मागे नमुन्याला ठेवलीत, तिचे छेद घेतलेत आणि त्यांवर नव्याने स्केच काढून कव्हर उभं केलंत. स्कॅनमध्ये बोअर ५२ च्या किंचित वर भरत होता. तुम्ही जुनं कव्हर मागवून घेतलंत, आतून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "झिजलाय. मूळचा ५२ च."

पण खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. फाइल उघडली तर डावीकडच्या झाडात, म्हणजे मॉडेलच्या टप्प्यांच्या यादीत, 'स्केच००४', 'पॅड००२' असली आपोआप पडलेली नावं नव्हतीच. 'बेअरिंग बोअर', 'ऑइल सील', 'बोल्टचं पीसीडी' (बोल्टच्या भोकांचं वर्तुळ), सगळं मराठीत, आमच्या शॉपमध्ये बोलतात तसं. तेही फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे लायसन्सचा खर्च नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि बिलातही नव्हतं. गिऱ्हाईक दर वेळी आपल्याच दारात यावं अशा बेताने फाइल देणारे या धंद्यात कमी नाहीत. तुम्ही आम्हाला तुमची गरजच उरू नये अशी सोय करून ठेवलीत. इतका सरळ माणूस अजून भेटतो, याचंच अप्रूप वाटतं.

६२ चा आकडा आमच्या मुलाने स्वतः टाकला. बोअर मोठा झाला, भोवतीचा बॉस, म्हणजे जाड कडं, तेही आपोआप वाढलं.

पंपाची केसिंग घेऊन पुढच्या आठवड्यात येतोय. या वेळी पैसे नीट लावा.

आपला,
भोसरीचा शॉपवाला