ताईच्या न वाळलेल्या फुलाबद्दल

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

फोनवर तू म्हणालीस ना की पॉलिमर क्लेचं फूल दोन दिवस उन्हात ठेवलंय तरी वाळत नाहीये, तेव्हा मी कामावर निघाले होते म्हणून आता नीट लिहिते. अगं, ते वाळणारच नाही! नाव क्ले असलं तरी ती खरी माती नसतेच, ते पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं, प्लास्टिसायझर घालून मऊ केलेलं, ते ओव्हनमध्ये भाजल्यावरच पक्कं होतं. आधी उन्हातून उचल, नाहीतर अर्धवट घट्ट होईल.

तापमान पाकिटावर असतं तेच ठेव, बहुतेक 110 ते 130 डिग्री असतं, आणि ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नकोस गं, वेगळा थर्मामीटर आत ठेव. माझे पहिले कानातले दिसायला मस्त झाले होते पण हातात घेऊन जरा वाकवले तर कटकन तुटले, नंतर कळलं की बटण 130 वर आणि आत जेमतेम 105! कमी भाजलेलं परत भाजता येतं, पण करपलं तर हायड्रोजन क्लोराइडचा वाईट धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेव, मायक्रोवेव्ह तर नकोच. क्लेला वापरलेली लाटणी-सुऱ्या परत स्वयंपाकाला घेऊ नकोस.

आता मला सगळ्यात आवडतं ते सांगते, केन, म्हणजे आत आरपार नक्षी असलेला क्लेचा ओंडका. पाकळ्यांच्या जाड वळ्या मधल्या पिवळ्या वळीभोवती लावायच्या, फटीत पारदर्शक क्ले भरायची, आणि तो जाड ओंडका मधून दाबत दाबत हळूहळू लांबवायचा. पेन्सिलीएवढा बारीक झाला तरी आतलं फूल तसंच्या तसं राहतं, फक्त छोटं होतं! कापायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, आणि दर कापाला ओंडका जरा फिरव म्हणजे एकाच बाजूने चेपत नाही. त्या चकत्यांचे मणी, बटणं, फोटोफ्रेम, काय वाट्टेल ते कर.

आणि तुझ्याकडच्या क्लेच्या ब्रँडला फिमो हे नाव कसं पडलं माहितीये? जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केथे क्रूझ होत्या, त्यांच्या मुलीचं लाडाचं नाव फिफी, त्यातला तो 'फि'. तिने स्वतः वापरलेली ही क्ले 1964 मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने घेतली.

फूल भाजलंस की थंड होईपर्यंत हात लावू नकोस, गरम असताना ते लवचिकच लागतं आणि कच्चं राहिलं असं वाटतं. मग फोटो पाठव, मागच्या बाजूचापण.

तुझी,
छोटी